आठवी करवली

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी दुपारी तीनच्या सुमारास माझ्या थोरल्या चुलत्यांनी जुन्नरमधल्या एका छापखान्यात त्यांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेच्या प्रुफावर सही केली. त्या प्रुफात करवल्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकावर माझं नाव होतं. त्यांनी दिलेल्या कच्च्या मजकुरात ते नव्हतं. ते मी घातलं होतं. छापखान्यातली टायपिंगची ऑपरेटर मी होते, आणि हे त्यांना माहीत नव्हतं.

मी तेव्हा एस. वाय. बी. ए.ला होते. माझा उजवा हात मनगटाच्या वर चार बोटांपासून नाही. नऊ वर्षांची असताना तो कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये गेला. आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, घर एकत्र, आणि कारभार तात्यांकडे, म्हणजे या थोरल्या चुलत्यांकडे. त्या दिवशी गडी आला नव्हता. तात्यांनी मला उसाचं वाढं मशीनला लावायला बसवलं. वाढं ओलं असलं की तोंडाशी अडकतं, म्हणून तोंडावरचं लोखंडी झाकण त्यांनी आदल्याच आठवड्यात काढून ठेवलं होतं. मोटार त्यांनी चालू केली आणि रस्त्यावर कुणी हाक मारली म्हणून ते तिकडे गेले. आप्पा, माझे वडील, माल घेऊन नारायणगावच्या बाजारात होते. आई माहेरी होती. संध्याकाळी आप्पा दवाखान्यात आले तेव्हा तात्यांनी त्यांना सांगितलं, "खेळता खेळता हात घातला पोरीनं. मी नको नको म्हणत व्हतो." डॉक्टरांच्या कागदावरही तेच आलं. मी शुद्धीवर आल्यावर खरं सांगितलं. आप्पा म्हणाले, "तात्या खोटं बोलंल व्हय?" त्यानंतर अकरा वर्षं घरात हा विषय याच एका वाक्यात मिटत असे.

या वाक्याचे परिणाम नोंदवले पाहिजेत. ज्या मुलीनं स्वतःच्या हट्टानं हात घालवला, तिचा दुसरा कुठलाही हट्ट घरात टिकत नसे. बारावीनंतर मी कॉलेजला जाणार म्हटल्यावर तात्या म्हणाले, "एका हातानं काय कलेक्टर व्हणार हाय का?" आप्पा म्हणाले, "तात्या नाय म्हणला, म्हंजी नाय." मी दोन ड्रेस आणि बारावीचं गुणपत्रक घेऊन जुन्नरला आले. अपंग म्हणून कॉलेजची फी माफ होती. बाकी काहीच माफ नव्हतं.

राहायची सोय हौसामावशींकडे झाली. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांची खानावळ होती, कचेऱ्यांतले कारकून आणि शाळांतले एकटे मास्तर तिथे जेवत. मावशींनी मला आधी विळी दिली आणि समोर दुधीभोपळा ठेवला. मी विळीचा पाट पायाखाली दाबून डाव्या हातानं भोपळा चिरला. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "फोडी लई मोठ्या झाल्या. पण चिरल्यास खऱ्या. ऱ्हा इथं." सकाळी पाच ते आठ मी भाजी चिरायची, त्या बदल्यात माळ्यावर झोपायची जागा आणि दोन वेळचं जेवण. पहाटे भाकरी थापल्याचा आवाज माळ्याच्या फळ्यांमधून वर येत असे. तो ऐकून मी उठे. शनिवारी मासवड्या असत. मावशी बेसन शिजवून ओल्या फडक्यावर पसरत, त्यावर तीळ-खोबऱ्याचं सारण घालत आणि फडक्यासकट गुंडाळी वळत. वड्या पाडायचं काम माझं होतं. गुंडाळी विळीवर न मोडता एका हातानं कापणं मला तिसऱ्या शनिवारी जमलं. चेपलेल्या वड्या माझ्या ताटात यायच्या, आणि जमायला लागल्यावरही मावशी दोन वड्या मुद्दाम चेपत असत, हे मला फार उशिरा समजलं.

भाजी चिरून पोट भरत होतं, पण परीक्षेचा फॉर्म, वह्या, साबण, आजारपण यांची सोय त्यात नव्हती. दुपारनंतरचं काम मी सहा महिने शोधलं. कापडाच्या दुकानात सांगितलं, ठाण उलगडायला दोन हात लागतात. औषधांच्या दुकानात मालक म्हणाला, "गिऱ्हाईक आधीच आजारी असतंय, त्यात तुला बघून घाबरायचं." आळेफाट्याच्या एका मोठ्या हॉटेलात कूपन फाडून द्यायची जागा होती. मी कूपनचं पुस्तक कोपरानं दाबून डाव्या हातानं फाडून दाखवलं. मॅनेजर म्हणाला, "जमतंय, पण दिसायला बरं न्हाई दिसत." ही सगळी वाक्यं मी त्या त्या दिवशी वहीत उतरवून ठेवली, बोलणाऱ्याच्या नावासकट. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्यातले दोघे पुढे, मी वर्तमानपत्रात काम करत असताना, वेगवेगळ्या कामांसाठी माझ्या कार्यालयात येऊन गेले. मी त्यांना चहा दिला आणि काम नियमात बसत नाही असं सांगितलं. ते खरोखरच बसत नव्हतं. मी दोनदा तपासलं होतं.

प्रत्येक ठिकाणी दुसरा प्रश्न ठरलेला असे: हात कसा गेला? मी "मशीनमध्ये" एवढंच सांगत असे. दिवाळीच्या आधी आळेफाट्यालाच बियाण्यांच्या दुकानात मला काम मिळालं. पुड्यांवर वाणाचं नाव लिहायचं. नवव्या दिवशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं आस्थेनं विचारलं, आणि पहिल्यांदाच मी पूर्ण उत्तर दिलं. झाकण कुणी काढलं, मोटार कुणी चालू केली, सगळं. अकराव्या दिवशी दुकानाचे शेठ म्हणाले, "बाळ, तुझे चुलते काल येऊन गेले. आमचे जुने गिऱ्हाईक आहेत. तू त्यांच्यावर आळ घेतेस म्हणाले. मला तुमच्या घरातलं कळत नाही. पण उद्यापासून येऊ नको." परत येताना एसटीत मी ठरवलं, की ही गोष्ट आता तोंडानं सांगायची नाही. तात्यांच्या सहीनंच कधीतरी कागदावर आणायची. कशी, ते माहीत नव्हतं. पण माझ्या शब्दाला त्या तालुक्यात वजन नव्हतं आणि त्यांच्या सहीला होतं.

मुनाफभाईंचा छापखाना मावशींच्या गल्लीच्या तोंडाशी होता. लग्नपत्रिकांसाठी दोन्ही तालुक्यांतून लोक तिथे येत. ऑपरेटर सोडून गेल्याचं खानावळीत कळल्यावर मी त्याच दुपारी गेले. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग शिकले होते, डाव्या हातानं. शिफ्टचं बटण उजव्या हाताच्या टोकानं दाबत असे. मुनाफभाईंनी हात बघितला, काही विचारलं नाही, आणि एकशे बारा नावांची एक पत्रिका पुढे ठेवली. मला सव्वा तास लागला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. दोन चुका निघाल्या. "आधीच्या ऑपरेटरचे दोन्ही हात तंबाखू मळण्यात असायचे," ते म्हणाले. "तुझा एक तरी मोकळा हाय. उद्या दोनला ये."

आमच्या भागातली पत्रिका म्हणजे घरातल्या माणसांची यादी, आणि तिच्या वर गावातल्या पुढाऱ्यांची. चेअरमन, माजी सरपंच, सोसायटीचे संचालक, प्रत्येकाचं पद आणि प्रत्येकाची जागा. खाली व्यवस्थापक, कार्यवाहक, मामा मंडळी, जावई मंडळी, करवल्या, आणि शेवटी लग्नाला यायचं हं म्हणणारी लहान मुलं. एखादं नाव गाळलं की तो माणूस लग्नाला येत नाही आणि पुढची दहा वर्षं ते बोलून दाखवतो. म्हणून मुनाफभाईंचा एक नियम होता: मजकूर घेताना "घरातलं कुणी ऱ्हायलं न्हाई ना?" असं विचारायचं, आणि प्रुफावर सही घेतल्याशिवाय छापायचं नाही. सही करणारे काय वाचतात तेही त्यांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं. "पुढाऱ्यांची लाईन तीन तीन वेळा वाचत्यात. जावयांची एकदा. बायांची नावं कुणी बघत न्हाई बेटा, ती आपणच नीट बघायची."

पाच महिन्यांनी तात्या आले. माझी जागा प्लायवूडच्या आडोशामागे होती. आवाज मी पहिल्या शब्दाला ओळखला. मुनाफभाईंनी मजकूर घेतला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. तात्या म्हणाले, "न्हाई, न्हाई. समदी पोरंपोरी आल्यात. आमच्यात एवढीच हायेत."

मजकूर माझ्या हातात आला. करवल्या सात होत्या. त्यात तीन महिन्यांची एक मुलगी होती, जिचं बारसं होऊन आठवडाही झाला नव्हता. मी यादी दोनदा वाचली. मग पाचव्या नावानंतर टाईप केलं: कु. वैशाली (एस. वाय. बी. ए.).

मी तेव्हा काय पणाला लावलं ते मला पूर्ण माहीत होतं. सापडले असते तर हे काम गेलं असतं, आणि ऑपरेटरनं गिऱ्हाइकाच्या मजकुरात ढवळाढवळ केली हे जुन्नरात एका दिवसात पसरलं असतं. माझे हात थरथरले असं लिहायला बरं वाटेल, पण तो एकच होता आणि तो थरथरला नाही. मला त्यांना घाम फुटलेला बघायचा होता.

सोमवारी तात्या प्रुफ बघायला आले. फळ्यांच्या फटीतून मला त्यांचं बोट दिसत होतं. ते पुढाऱ्यांच्या यादीवर वीस मिनिटं फिरलं. "हे माजी सरपंच वर घ्या. संचालक खाली. न्हाईतर मांडवात तोंड फिरवून बसंल त्यो." मी दुरुस्ती केली, दुसरं प्रुफ काढलं, मुनाफभाईंनी नेऊन दिलं. तात्यांनी तेवढीच ओळ वाचली. सही केली. खाली तारीख टाकली. म्हणजे माझं नाव वाचायची संधी त्यांना दोनदा मिळाली होती. पत्रिका बाराशे छापल्या.

मुलीकडचे बेल्ह्याचे होते. मुलीचे मामा तिथल्या बैलबाजारात व्यापारी होते, म्हणजे समोरचा माणूस काय दाखवतो त्यापेक्षा काय दाखवत नाही ते बघणं हाच त्यांचा धंदा. सोयरीक जुळवताना त्यांना सात मुली सांगितल्या होत्या. पत्रिकेत त्यांनी आठ मोजल्या. त्यांनी तात्यांना फोन करून विचारलं, ही आठवी कोण? तात्या म्हणाले, छापखान्याची चूक. मामा म्हणाले, "मग चला जुन्नरला. मला बी तिकडं काम हाये. इचारून घिऊ." त्यांच्या घरच्या बायकांत बोलणं सुरू झालं होतं की मुलाकडच्यांनी कुणीतरी लपवलंय, आणि लपवतात ते बहुधा उपजत काही असेल तरच.

लग्नाच्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी दोघे आले. मामा समोरच्या टपरीवर चहाला थांबले. तात्या एकटेच आत आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मुनाफभाई, एक नाव चुकून पडलंय. तेवढं पावण्यांम्होरं कबूल करा, बाकी काय नको."

मुनाफभाईंनी फाईल काढली. प्रुफ ठेवलं, शेजारी कच्चा मजकूर ठेवला. दोन्ही वाचले. पाच महिन्यांत त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा बघितला. "वैशाली," त्यांनी हाक मारली, "बाहेर ये."

मी बाहेर आले. तात्या उभे राहिले. "तू? हितं?"

"पाच महिने झाले."

"तू घातलंस व्हय नाव?"

"हो. तुम्ही सही केलीत."

मुनाफभाई म्हणाले, "ही कोण तुमची?" मी सांगितलं, "पुतणी. सख्ख्या भावाची." मुनाफभाईंनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

तात्या माझ्याजवळ आले. "वैशे, आता गुमान सांग पावण्यांना. दुसऱ्या पत्रिकेतलं नाव हितं आलं म्हण. लग्न मोडंल. पोराचं वाटोळं करती का?"

"माझं काम जाईल तसं सांगितलं तर."

"काम म्हणं! लई मोठं काम!"

"बियाण्यांच्या दुकानातलं तुम्ही घालवलंत. हे राहू दे."

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. मामांनी दुसरा चहा मागवला होता. मी म्हणाले, "मामांना मी खरं सांगेन. मशीनमध्ये हात गेला, उपजत नाही. त्यानं लग्न मोडणार नाही, उलट टिकेल. मोटार कुणी चालू केली ते सांगणार नाही. पण त्याआधी तुम्ही मला एक कागद द्यायचा."

"कसला कागुद?"

मी आत जाऊन तो टाईप केला. चार मिनिटं लागली. त्यात चार वाक्यं होती: मशीनचं झाकण मी काढलं होतं. वाढं लावायला पुतणीला मीच बसवलं. मोटार मी चालू केली. ती खेळत नव्हती. खाली त्यांचं पूर्ण नाव आणि सहीसाठी जागा. मी तो प्रुफासारखा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "नीट वाचा. मग सही करा."

"कुणाला दावणार हाय हे? पोलिसांना?"

"आप्पांना."

हे ऐकल्यावर ते खुर्चीत बसले. पोलिसांचं नाव त्यांनी स्वतःच काढलं होतं, आणि त्याची त्यांना भीती वाटली नव्हती. "त्याला कशाला?" ते म्हणाले. "अकरा वर्सं झाली. आता त्यानं काय हात येणार हाये का? तुला आमी जेवू घातलं, वाढवलं..."

"वाचा, तात्या."

त्यांनी वाचलं. या वेळी बोट प्रत्येक शब्दाखालून गेलं. तीन वेळा वाचलं. तात्या आता हयात नाहीत, पण त्यांचा मुलगा हे पुस्तक वाचेल, त्याच्या मुलीही वाचतील. म्हणून हे मी स्पष्ट लिहिते आहे. मी माफ केलेलं नाही. ते तिसऱ्यांदा वाचत होते तेव्हा त्यांच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला आणि कागदावर पडला, आणि मला इतकं बरं वाटलं की तसं त्यानंतर क्वचितच वाटलं असेल. दुसरा कागद काढून देऊ का, असं मी विचारलं. ते म्हणाले, नको. त्यांनी सही केली. मुनाफभाईंनी साक्षीदार म्हणून, न सांगता, खाली स्वतःची सही केली.

मग मामांना आत बोलावलं. त्यांनी माझ्याकडे आणि हाताकडे सरळ बघितलं. तसं सरळ फार कमी लोक बघतात.

"कशानं गेला?"

"कुट्टी मशीनमध्ये. नऊ वर्षांची होते."

"उपजत न्हाई?"

"नाही."

मामा तात्यांकडे वळले. "मग पावणं, ह्यात लपवायचं काय व्हतं?" तात्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मामा मला म्हणाले, "लग्नाला ये पोरी. पत्रिकंत नाव हाये तुझं."

ते गेल्यावर मुनाफभाईंनी प्रुफ आणि कच्चा मजकूर परत फाईलमध्ये लावले. मग म्हणाले, "तुझ्या जागी मी असतो तर मीही केलं असतं. पण छापखाना माझा हाय. कच्च्या मजकुरात नसलेलं एक अक्षर पुन्हा घातलंस, तर त्या दिवशी मी हात बघणार न्हाई आणि कारणही इचारणार न्हाई." त्या दिवसापासून गिऱ्हाइकाला प्रुफ पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत मोठ्यानं वाचून दाखवायचा नियम झाला. वाचायचं काम माझ्याकडे आलं. बी. ए. होईपर्यंत मी तिथेच होते.

शुक्रवारी सकाळी मी कागदाची झेरॉक्स काढून मावशींच्या पेटीत ठेवली आणि मूळ कागद घेऊन एसटीनं गावी गेले. अंगणात मांडव पडत होता. ओसरीवर बायका लग्नाच्या करंज्या भरत होत्या. मला बघून त्यांचं बोलणं थांबलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा विषय खोबऱ्याचा होता. आई चुलीपाशी होती. तिनं पदरानं हात पुसले आणि काहीच न विचारता गोठ्याकडे मान केली. आप्पा तिथे गव्हाणीतली उष्टी वैरण काढत होते. मशीन त्याच जागी होतं, पोतं टाकून झाकलेलं.

मी कागद दिला. आप्पांचं शिक्षण चौथीपर्यंत. ते ओठ हलवत वाचतात. चौथ्या वाक्याला त्यांचे ओठ थांबले. त्यांनी कागद उजेडाकडे धरला.

"सही तात्याची?"

"हो."

"त्येनं सोता केली?"

"माझ्यासमोर. वाचून केली."

त्यांनी घडी घातली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. मी त्यांना काही बोलायला मदत केली नाही. अकरा वर्षांत त्यांनीही मला केली नव्हती. थोड्या वेळानं ते म्हणाले, "खोटं बोलला म्हंजी," आणि गव्हाण झाडायला लागले. मी दुपारच्या गाडीनं परत आले.

रविवारी मी मांडवात होते. करवल्या आठ होत्या. लग्न बारा पस्तीसच्या मुहूर्तावर लागलं. पत्रिकेत व्यवस्थापक म्हणून पहिलं नाव आप्पांचं होतं. ते मांडवात नव्हते. आदल्या दिवशी हळदीलाही नव्हते. तात्यांनी त्यांना बोलावायला घरात दोनदा माणूस पाठवला, तिसऱ्यांदा ते स्वतः गेले आणि एकटे परत आले. घरातल्या पुरुषांसाठी नावं मोजून बावीस फेटे आणले होते. एकवीस बांधले गेले.